ब्रॉडहेड लावला की बाण भरकटतो? मग बाण पुढून मागे जुळवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिशिगनमध्ये नव्याने आलेल्या एकांकडे ६० पौंड ड्रॉ वेटचं (दोरी ओढायला लागणारी ताकद) कंपाउंड, म्हणजे कप्प्या लावलेलं, धनुष्य आहे, ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी ओढायचं अंतर, २९ इंच. बाणांचे शाफ्ट, म्हणजे दांड्या, कार्बनचे, ४०० स्पाइनचे (स्पाइन म्हणजे ताठपणाचा आकडा), २८ इंचांवर कापलेले, मागे दिवा असलेले नॉक, म्हणजे दोरीत अडकणारी खाच. सरावाच्या १०० ग्रेन वजनाच्या साध्या टोकाने, म्हणजे फील्ड पॉइंटने, ३० यार्डांवर सहाही बाण तळहाताएवढ्या जागेत बसतात. त्याच बाणांना १०० ग्रेनचेच ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीची धारदार पात्यांची टोकं, लावले की वीतभर पसरतात, आणि त्यातले दोन तर कुठे जातील याचा नेम नाही. दुकानदार म्हणतो महागातले शाफ्ट घ्या, मित्र म्हणतात पुढे वजन वाढवा. हरणाचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतोय. नेमकं काय बदलायचं?

आत्ता काहीच विकत घेऊ नका. आधी सहाही बाणांवर मार्करने १ ते ६ आकडे घाला, ब्रॉडहेड लावून २० यार्डांवरून मारा आणि कोणता बाण कुठे लागला ते कागदावर टिपून ठेवा. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा करा. सगळे बाण फील्ड पॉइंटच्या एकाच बाजूला सरकत असतील तर दोष धनुष्याच्या जुळणीत आहे. ठरावीक आकड्याचेच बाण पुन्हा पुन्हा भरकटत असतील तर दोष त्या बाणांत आहे. दोन्ही दिवशी वेगवेगळे भरकटले तर धनुष्य धरणाऱ्या हाताकडे बघायला हवं. हा कागद हातात नसताना केलेली खरेदी म्हणजे अंधारात दगड मारणं.

मी इथे एकवीस वर्षं धनुष्याने पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार करतोय आणि ओळखीतल्यांचे बाण घरी बेसमेंटमध्ये बांधून देतो. या विषयात एक गोष्ट मी जीव तोडून सांगतो: बाण पुढून मागे जुळवायचा. दुकानात मात्र सुरुवात शाफ्टपासून होते, कारण शाफ्ट डझनावारी विकले जातात. मग त्या शाफ्टला जे बसेल ते टोक, जे आवडेल त्या रंगाचे व्हेन, म्हणजे शेपटीचे प्लास्टिकचे पंख, आणि शेवटी चमकणारं नॉक. असा बाण फील्ड पॉइंटने छान जातो, कारण फील्ड पॉइंट चुका पोटात घालतो. ब्रॉडहेड घालत नाही. त्याची पाती म्हणजे बाणाच्या नाकावर बसवलेले छोटे पंखच. बाण धनुष्यातून किंचित तिरका निघाला, तर मागचे व्हेन त्याला सरळ करायच्या आत पुढची पाती हवा पकडून त्याला आपल्या दिशेने ओढायला लागतात. फील्ड पॉइंट आणि ब्रॉडहेडचं वजन सारखं असूनही ते वेगळीकडे लागतात ते यामुळे.

म्हणून पहिला निर्णय ब्रॉडहेडचा. ६० पौंडांच्या धनुष्याला आणि इथल्या हरणाला स्थिर पात्यांचा, १०० किंवा १२५ ग्रेनचा, फार रुंद नसलेला ब्रॉडहेड पुरतो. उघडणाऱ्या पात्यांचे ब्रॉडहेड हवेत फील्ड पॉइंटसारखे जातात हे खरं, पण पाती उघडायला बाणाचीच ताकद खर्च होते आणि जास्त रुंद जखम करायलाही ताकद लागते. ड्रॉ वेट कमी असेल तर मी तिकडे जात नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांचे नियम पात्यांच्या प्रकाराबद्दल आणि दिव्याच्या नॉकबद्दल वेगळे आहेत, तेव्हा आपल्या राज्याची त्या वर्षीची नियमपुस्तिका बघूनच पैसे टाका. एकदा ब्रॉडहेड ठरला की वर्षभर त्याच वजनाच्या फील्ड पॉइंटने सराव करायचा, अधेमधे बदलायचा नाही.

आता वजनाची भाषा. ग्रेन हा शब्द ऐकून नवखा माणूस गोंधळतो, पण आपल्या घरात तो पूर्वीपासून आहे. जुना तोळा १८० ग्रेनचा, त्यात ९६ गुंजा, म्हणजे एक गुंज पावणेदोन ग्रेनहून जराशी जास्त. तुमचा अख्खा बाण दोन तोळ्यांच्या पुढे थोडासा भरतो. सोनाराच्या मापाने बघायची सवय लागली की पाच-दहा ग्रेनकडे दुर्लक्ष होत नाही. ग्रेन दाखवणारा छोटा काटा फार महाग नसतो, तो घ्या.

तोल म्हणजे एफओसी, बाणाचा गुरुत्वमध्य त्याच्या मध्यापासून किती पुढे आहे ते. काढायला सोपं. नॉकच्या खाचेपासून शाफ्टच्या पुढच्या कडेपर्यंत लांबी मोजा, टोक धरायचं नाही. मग टोकासकट पूर्ण बाण सुरीच्या बोथट कडेवर तोलून धरा, तो जिथे स्थिर राहील तिथपर्यंतचं अंतर पुन्हा नॉकच्या खाचेपासून मोजा. त्यातून लांबीचा निम्मा वजा करा, उरलेल्याला पूर्ण लांबीने भागा, १०० ने गुणा. २८ इंचांचा बाण साडेसतरा इंचांवर तोलला तर साडेतीन भागिले २८, म्हणजे १२.५ टक्के. शिकारीच्या बाणाला १० ते १५ टक्के हा वर्षानुवर्षं चालत आलेला पल्ला आहे आणि माझा अनुभवही तोच सांगतो.

तुमच्या बाणाचा हिशेब मांडू. शाफ्ट इंचाला ८.४ ग्रेन धरला तर २८ इंचांचे २३५. अ‍ॅल्युमिनियमचं इन्सर्ट (शाफ्टच्या तोंडात चिकटवायचं, टोक ज्यात आवळतात ते नळकांडं) १५, ब्रॉडहेड १००, तीन छोटे व्हेन १८ आणि दिव्याचं नॉक २५. एकूण ३९३ ग्रेन, आणि एफओसी बरोबर १० च्या आसपास. आता त्यातलं फक्त नॉक बदला. साधं ९ ग्रेनचं नॉक लावलं की एकूण ३७७ आणि एफओसी १२.४ च्या घरात. फक्त १६ ग्रेन, म्हणजे आठ-नऊ गुंजा, पण बाणाच्या अगदी शेपटीला असल्याने तोल जवळजवळ अडीच टक्क्यांनी मागे जातो. दिव्याच्या नॉकचा उपयोग मी नाकारत नाही. संध्याकाळच्या अंधुक उजेडात बाण कुठे लागला ते दिसतं आणि जखमी जनावराचा माग काढायला ते फार मोलाचं असतं. पण ते वजन पुढे भरून काढायला हवं, आणि सरावही त्याच नॉकने करायला हवा.

पुढे वजन वाढवा हा तुमच्या मित्रांचा सल्ला म्हणूनच अर्धा बरोबर आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या जागी ५० ग्रेनचं पितळी इन्सर्ट घातलं की तोल पुढे येतो, मागच्या व्हेनना बाण सावरायला जास्त लांब दांडा मिळतो, आणि लागल्यावर बाण आत ढकलला जातो. उरलेला अर्धा ते सांगत नाहीत: पुढचं वजन वाढलं की तोच शाफ्ट धनुष्याला मऊ वाटायला लागतो.

इथे स्पाइन नीट समजून घ्या, कारण बहुतेक बाण इथेच बिघडतात. शाफ्ट २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवतात, मधोमध १.९४ पौंड म्हणजे ८८० ग्रॅम वजन टांगतात, आणि तो किती वाकला ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. ०.४०० इंच वाकला तर स्पाइन ४००. म्हणजे आकडा जितका मोठा तितका शाफ्ट मऊ. आकडा मोठा म्हणजे मजबूत असं समजून ५०० चे शाफ्ट घेऊन आलेले लोक मी पाहिले आहेत.

हा आकडा टेबलावरचा. धनुष्यातून सुटताना दोरी मागून ढकलते, पुढचं वजन जागचं हलायला तयार नसतं, आणि मधला शाफ्ट वेताच्या छडीसारखा वाकतो. १९३० च्या दशकात अमेरिकेत भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी वेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं, तेव्हा लाकडी धनुष्याचा बाण मुठीला वळसा घालून कसा निघतो ते लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. कंपाउंड धनुष्यात बाण मधून जातो आणि दोरी बोटांऐवजी रिलीज नावाच्या चापाने सुटते, त्यामुळे वाकणं बरंच कमी, पण ते संपत नाही. ड्रॉ वेट वाढलं, शाफ्ट लांब ठेवला किंवा पुढे वजन घातलं, की बाण जास्त वाकतो. शाफ्ट कापून आखूड केला की ताठ होतो.

तुमचा आत्ताचा बाण ६० पौंड, २८ इंच आणि १०० ग्रेनला ४०० स्पाइनच्या जेमतेम काठावर आहे. पितळी इन्सर्ट घातलंत की तो काठावरून खाली जाईल. म्हणून पितळ घालायचं तर शाफ्ट ३४० चा. तो इंचाला ९.३ ग्रेनचा धरला तर २६० शाफ्टचे, ५० पितळाचे, १०० ब्रॉडहेडचे, १८ व्हेनचे, ९ साध्या नॉकचे, एकूण ४३७ ग्रेन आणि एफओसी साडेचौदाच्या आसपास. म्हणजे ड्रॉ वेटच्या पौंडाला सात ग्रेनहून थोडं जास्त. कंपाउंडवर पौंडाला पाच ग्रेनपेक्षा हलका बाण कधीही चढवू नका, धनुष्यच तुटू शकतं. या बाणाचा वेग आताच्यापेक्षा सेकंदाला दहा-पंधरा फुटांनी उतरेल. उतरू द्या. फार वेगाने जाणारा बाण ब्रॉडहेडची प्रत्येक चूक मोठी करून दाखवतो, आणि जड बाण सुटताना धनुष्याचा आवाजही खाली येतो, जो हरणाच्या कानाला महत्त्वाचा.

६५० ग्रेनच्या बाणांबद्दल तुम्ही वाचाल. तो आकडा डॉ. एड अ‍ॅशबी यांच्या, शिकारीचा बाण किती आत जातो याच्या अभ्यासातून आला आहे, आणि तो जाड हाडाबद्दल आहे. ६० पौंडांतून तेवढा बाण मारला तर २० आणि ३० यार्डांतला फरक इतका वाढतो की अंतराचा अंदाज दोन-तीन यार्डांनी चुकला तरी हरीण जखमी होऊन निसटेल. इथल्या हरणाला ४२० ते ४८० ग्रेन भरपूर झाले.

इतकं सगळं बरोबर जमवूनही बाण भरकटेल, जर सांधा सरळ नसेल तर. माझ्या मते अचूकपणाचा सगळ्यात मोठा हिस्सा इथे आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत, फक्त वेळ लागतो. माझ्या तिसऱ्या हंगामात एक बाण सतत खाली उजवीकडे लागायचा. मी ब्रॉडहेड बदलले, रेस्ट (बाण टेकतो तो आधार) हलवला, साइट (नेम धरायची खूण) पुन्हा लावली, आणि हंगामात नेमका तोच बाण माझ्या धनुष्यावर होता. हरणी जखमी झाली. सीडरच्या दलदलीत रात्री दिवा घेऊन साडेचार तास माग काढला, सकाळी पुन्हा गेलो, मिळाली नाही. नंतर आमच्या रेंजवरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तो बाण दोन अंगठ्यांच्या नखांवर ठेवला आणि फुंकर मारून फिरवला. ब्रॉडहेडचं टोक एका जागी न राहता छोटं वर्तुळ काढत होतं. दुकानात कापताना शाफ्टची कड तिरकी राहिली होती, त्यामुळे इन्सर्टची गोल कड एका बाजूलाच टेकली होती. केसाएवढी फट होती, बस. तेव्हापासून मी एकही बाण फिरवून बघितल्याशिवाय भात्यात घातलेला नाही.

काम असं करा. शाफ्ट कार्बन कापायच्या घासचाकानेच कापा, साध्या हॅकसॉने तंतू उसवतात. तोंडाला मास्क लावा, ती धूळ फुप्फुसाला वाईट. कापल्यावर शाफ्टच्या कडेच्या वर्तुळावर मार्करने शाई फिरवा. मग कड चौरस, म्हणजे शाफ्टला काटकोनात, करायच्या हत्याराच्या खाचेत शाफ्ट आडवा ठेवा, कड घासपट्टीला टेकवा आणि बोटांनी दोन-तीन वेळा फिरवा. उचलून बघा. एका बाजूची शाई गेली आणि दुसऱ्या बाजूला काळी चंद्रकोर उरली, तर कड तिरकी आहे. ती चंद्रकोर पूर्ण जाईपर्यंत फिरवा, आणि गेली की थांबा. नॉककडची कडही अशीच करा, लोक ती विसरतात. मग कानाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून शाफ्टची आतली बाजू पुसा, काडी काळी निघायची थांबेपर्यंत. इन्सर्टला सावकाश वाळणारं इपॉक्सी लावा, गोल फिरवत आत ढकला, बाण टोकावर उभा करून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी इन्सर्टची पुढची कडही त्याच शाईने तपासा, कारण ब्रॉडहेड टेकतो तो तिच्यावर. शेवटी ब्रॉडहेड लावून बाण फिरवा. थरथर दिसली तर ब्रॉडहेड दुसऱ्या शाफ्टवर लावून बघा, दोष टोकात की सांध्यात ते लगेच कळतं. पात्यांना हात लावताना पाना वापरा, बोटं नाही.

शाफ्टवर छापलेला सरळपणा, ०.००१, ०.००३, ०.००६ इंच, याच्यासाठी फार पैसे मोजू नका. ०.००३ चे शाफ्ट घ्या, थोडे लांब घ्या आणि दोन्ही टोकांकडून थोडं थोडं कापा, वाकडेपणा बहुधा टोकांकडेच जास्त असतो. एकाच संचातले, वजनाने दोन-तीन ग्रेनच्या आतले सहा निवडा. त्यापेक्षा वरचा पैसा मी ब्रॉडहेडवर खर्च करतो.

व्हेनबद्दल माझं मत ठाम आहे. स्थिर पात्यांना मागे पीळ हवाच. चिकटवायच्या साच्यात (जिग) व्हेन सरळ न लावता दोन-तीन अंश तिरपे लावा, म्हणजे बाण हवेत स्वतःभोवती फिरतो आणि पात्यांचं एका बाजूला ओढणं विरून जातं. दोन इंची उंच व्हेन तीन लावले तर १८ ग्रेन होतात. चार हवेत तर थोडे बुटके घ्या, म्हणजे शेपटीचं वजन वाढत नाही. एका बाजूने धार दिलेला ब्रॉडहेड असेल तर त्याची धार आणि व्हेनचा पीळ एकाच दिशेचे ठेवा. पिसं हलकी असतात आणि बाण पटकन सावरतात, पण पावसात भिजून चपटी होतात, आणि इथला ऑक्टोबर-नोव्हेंबर कोरडा नसतो. पीळ वाढवला की व्हेन रेस्टला घासत नाहीत ना ते बघा. पायाला मारायची पावडरची फवारणी मिळते, ती व्हेनवर आणि रेस्टवर मारा आणि एक बाण सोडा. घासलं असेल तिथे रेघ उमटते.

नॉकची परीक्षा अर्ध्या मिनिटाची. बाण दोरीला लावा, धनुष्य असं धरा की बाण जमिनीकडे लोंबकळेल. तो आपल्या वजनाने पडता कामा नये, आणि दोरीवर वीतभर अंतरावर टिचकी मारली की सुटायला हवा. घट्ट बसलेलं नॉक बाणाला मागे ओढतं, सैल बसलेलं कधी दगा देईल सांगता येत नाही. शिवाय कार्बनचा शाफ्ट सगळीकडून सारखाच ताठ नसतो. एखादा बाण सारखा वेगळा लागत असेल तर फेकून देण्याआधी नॉक एक तृतीयांश फिरवून दुसरा व्हेन वर आणा. तुमच्या त्या दोन बाणांवर फिरवून बघण्याच्या चाचणीनंतर पहिलं हेच करा.

शाफ्टच्या जाडीवरून वाद घालणारे खूप. बारीक ५ मिलिमीटरचे वाऱ्यात कमी हलतात, ०.२४५ इंच आतला व्यास असलेल्या नेहमीच्या शाफ्टना इन्सर्ट सहज मिळतात. पहिल्या दोन-तीन वर्षांत नेहमीचेच घ्या. भारतातल्या वाचकांसाठी इथेच सांगतो: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिकडे शिकार बंद आहे, आणि ते योग्यच आहे. पण स्पाइन, चौरस कड आणि नॉकची टिचकी हे सगळं लक्ष्यावर मारणाऱ्या कंपाउंड खेळाडूलाही तितकंच लागू. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक वैयक्तिक सुवर्ण जिंकल्यापासून आपल्याकडची पोरं कंपाउंडकडे वळू लागली आहेत. त्यांच्या बाणाचं टोक वेगळं आणि व्हेन बुटके, बाकीची शिस्त हीच.

बाण निर्दोष झाल्यावर शेवटचं काम धनुष्यावर. २० यार्डांवर आधी फील्ड पॉइंटचे तीन बाण, मग ब्रॉडहेडचे, प्रत्येक ब्रॉडहेडला वेगळा ठिपका, नाहीतर पाती एकमेकांचे व्हेन कापतात. ब्रॉडहेड सगळे उजवीकडे गेले तर रेस्ट डावीकडे, एका वेळी एक बत्तिसांश इंच, त्याहून जास्त नाही. सगळे खाली गेले तर रेस्ट तेवढाच वर. साइटला हात लावायचा नाही, दोन्ही टोकं एका जागी यायला लागल्यावरच साइट लावायची. मग ३० यार्डांवर हेच.

दर वेळी मारण्याआधी बाण दोन्ही हातांत धरून चारी बाजूंनी हलका वाकवा आणि कानाजवळ नेऊन ऐका. कडकड आवाज आला किंवा बोटाला तंतू लागला तर तो बाण तिथेच मोडून टाका. चिरलेला कार्बन दोरीच्या झटक्याने फुटतो आणि त्याच्या सळ्या डाव्या हातात घुसतात. आणि ज्या ब्रॉडहेडने फोमच्या टार्गेटवर सराव केला त्याची पाती ३० सप्टेंबरच्या आत बदला. फोम धार खातो. धार तुमच्या मनगटावरचे केस सहज कापत नसेल तर तो ब्रॉडहेड हरणासाठी नाही.

दोन्ही दिवसांचा तो आकड्यांचा कागद मला पाठवा, सोबत प्रत्येक बाणाचं वजन आणि तो कुठे तोलला ते इंचांत लिहा. तुमचे ४०० चे शाफ्ट साध्या नॉकवर आणि चौरस कडेवर चालतील असा माझा अंदाज आहे, आणि तसं असेल तर ३४० चा खर्च पुढच्या वर्षावर टाकता येईल.